ओठांची राखण आणि ओठांची छटा

मार्गशीर्ष लागला, देशावर पहाटेचा गारठा वाढून हवेतला ओलावा उतरू लागला, म्हणजे घराघरांतून पहिली तक्रार येते ती ओठांची. हातपाय उलतात त्याच्या आधी ओठ उलतात. बोलताना, हसताना, तिखट घास घेताना ते चरचरतात, आणि नकळत त्यांवरून जीभ फिरली की क्षणभर बरे वाटून पुन्हा अधिकच कोरडे पडतात. या तक्रारीवर आपल्याकडे लोणी, साय, तूप, भिरंडेल हे उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आले. त्यांच्या जोडीला पुढे व्हॅसलीनची डबी आली. आणि अलीकडे महाविद्यालयीन मुलींच्या पर्समध्ये, कचेरीत जाणाऱ्या स्त्रियांच्या टेबलाच्या खणात, क्वचित तरुणांच्या खिशातही एक बोटभर लांबीची नळी दिसू लागली आहे, जिच्यातील कांडी ओठ मऊ राखण्याचे आणि त्यांवर फिकट गुलाबी अथवा विटकरी छटा धरण्याचे, अशी दोन्ही कामे एकाच हातासरशी करण्याचे आश्वासन देते. ही रंगछटेची लिप बामची कांडी मी या हिवाळ्यात वापरून पाहिली. वापरताना जे प्रश्न पडले त्यांच्या मागे जाता जाता खुद्द ओठांविषयी जे समजले, ते त्या कांडीहून अधिक मोलाचे वाटले, आणि म्हणून आरंभ तेथूनच करणे युक्त होईल.

ओठाचा जो तांबूस भाग बाहेरून दिसतो, तो धड त्वचाही नव्हे आणि तोंडाच्या आतले धड श्लेष्मल आवरणही नव्हे. तो या दोहोंच्या सीमेवरचा, दोहोंचे थोडेथोडे गुण घेतलेला असा स्वतंत्र मुलूख आहे. चेहऱ्याच्या त्वचेवर मृत पेशींचा जो कठीण थर असतो, ज्याला शरीरशास्त्रात शृंगस्तर म्हणतात, आणि जो शरीरातले पाणी बाहेर उडून जाऊ नये म्हणून अहोरात्र पहारा करतो, तो ओठांवर अतिशय पातळ असतो. चेहऱ्याच्या त्वचेत पेशींचे सुमारे सोळा थर मोजता येतात, तेथे ओठांवर तीन ते पाचच थर सापडतात, असे सामान्यतः सांगितले जाते. शिवाय त्वचेला स्निग्ध ठेवणारे तेल स्रवणाऱ्या ग्रंथी येथे बहुधा नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, केस नसतात. कित्येकांच्या ओठांवर बारीक पिवळसर ठिपके दिसतात, त्या चुकून तेथे राहिलेल्या तैलग्रंथीच होत. त्यांपासून काही अपाय नसतो, आणि त्यांना रोग समजून खरवडत बसण्याचे कारण नाही. आवरण असे पातळ असल्यामुळेच खालच्या केशवाहिन्यांतील रक्ताची लाली वर उमटते आणि ओठांना त्यांचा स्वाभाविक रंग मिळतो. आणि आवरण असे पातळ असल्यामुळेच ओठांतून उडून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण गालाच्या त्वचेपेक्षा कित्येक पटींनी अधिक भरते. ज्या गुणामुळे ओठ सुंदर दिसतात तोच गुण त्यांच्या दुबळेपणाचेही कारण आहे, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या कोणत्याही लेपाचा विचार करता येणार नाही.

जीभ फिरवण्याने काय होते, तेही याच अनुषंगाने समजून घ्यावे. लाळ म्हणजे केवळ पाणी नव्हे. तीत क्षार असतात आणि पिष्टमय अन्न पचवणारी पाचकद्रव्येही असतात. ओठांवर पसरलेली लाळ कोरड्या हवेत भराभर वाळते, वाळताना ओठांच्या आवरणातील ओलावाही बरोबर नेते, आणि मागे जे उरते ते त्या नाजूक आवरणाला चुरचुरवते. मग पुन्हा जीभ फिरवावीशी वाटते. लहान मुलांच्या ओठांभोवती थंडीत जे तांबडे, खरखरीत कडे उमटते ते या सवयीचेच फळ असते, आणि मुलाला रागावण्याने ते जात नाही. ओठांवर वारंवार स्निग्ध लेप ठेवला की जिभेला तेथे जाण्याचे निमित्तच उरत नाही आणि कडे आपोआप ओसरते.

आता लेपाकडे वळू. नळीवर 'मॉइश्चरायझिंग' असा शब्द ठळक छापलेला असतो, आणि त्यावरून सर्वसाधारण समजूत अशी होते की ही कांडी ओठांना बाहेरून पाणी पुरवते. वस्तुस्थिती उलटी आहे. बहुतेक कांड्यांत पाण्याचा थेंबही नसतो. त्या सर्वस्वी मेण, तेल आणि चरबीयुक्त पदार्थ यांच्या बनलेल्या असतात. ओठांच्या आतून, रक्तातून आणि ऊतकांतून वर येणारे जे पाणी एरवी हवेत उडून गेले असते, त्याच्या वाटेवर त्या एक पातळ पडदा धरतात, आणि ते पाणी जेथल्या तेथे राहिल्यामुळे ओठ मऊ होतात. काही उत्पादक ग्लिसरीनसारखी, पाणी धरून ठेवणारी द्रव्येही घालतात. परंतु ग्लिसरीन हवेत ओलावा नसेल तेव्हा खालच्या थरांतून पाणी वर ओढते, आणि वरून मेणाचा किंवा व्हॅसलीनचा बंदोबस्त नसेल तर ते ओढलेले पाणीही वाऱ्यावर जाते. विदर्भाच्या किंवा देशावरच्या कोरड्या थंडीत नुसते ग्लिसरीन लावणाऱ्यांचे ओठ अधिक ताणल्यासारखे होतात त्याचे हे कारण आहे.

हा पडदा धरण्याच्या कामात व्हॅसलीनची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही पदार्थाला फारशी करता आलेली नाही. रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण रसायनज्ञ १८५९ साली पेन्सिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे नव्याने लागलेल्या खनिज तेलाच्या विहिरी पाहावयास गेला असता, उपशाच्या दांड्यांवर साचणारे एक काळसर मेण तेथील कामगार भाजल्या-कापल्यावर लावतात, असे त्याने पाहिले. ते गाळून, शुद्ध करून त्याने जो निर्गंध, फिकट पदार्थ तयार केला त्याचे पेटंट त्याला १८७२ साली मिळाले. हा पदार्थ त्वचेवर नुसता बसून राहत नाही, तर शृंगस्तराच्या पेशींमधील फटींतही शिरतो, आणि पाण्याचा ऱ्हास जवळजवळ संपूर्णपणे रोखतो. ज्यांना रंगाची हौस नाही आणि किफायत पाहावयाची आहे, त्यांनी साध्या व्हॅसलीनवर समाधान मानले तर ओठांचे काहीही उणे होत नाही, हे मी निःशंकपणे लिहितो. कांडीची शिफारस करावयाची ती दुसऱ्या कारणांसाठी: ती बोट न बुडवता लावता येते, डबीपेक्षा स्वच्छ राहते, आणि तीत मेण असल्यामुळे लेप ओठांवर अधिक वेळ टिकतो.

मेण आणि तेल यांची ही जोडी पश्चिमेच्या कारखान्यांत जन्मली, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मुखरोगांच्या उपचारांचा अध्याय आहे, आणि त्यात वातामुळे बिघडलेल्या, म्हणजे खरखरीत होऊन फुटणाऱ्या ओठांसाठी तूप, तेल, वसा आणि मज्जा या चार स्नेहांत मधमाश्यांचे मेण मिसळून त्याचे अभ्यंजन करावे, असे सांगितले आहे. आजच्या कांडीची रचना याहून तत्त्वतः वेगळी नाही. रंगाचा विचार करू लागलो तर कामसूत्राचा दाखला अधिकच बोलका आहे. वात्स्यायनाने नागरकाचा, म्हणजे नगरात राहणाऱ्या सुसंस्कृत गृहस्थाचा जो दिनक्रम वर्णिला आहे, त्यात दंतधावन, अनुलेपन, धूप, माला यांच्यामागोमाग मेण आणि अळता यांचा उल्लेख येतो, आणि त्यानंतरच तो आरशात मुख पाहून, तांबूल घेऊन आपल्या कामाला लागतो. टीकाकार यशोधराने क्रमही उलगडून दाखवला आहे: आधी किंचित ओल्या अळत्याच्या गोळीने ओठ घासावे, विडा खावा, आणि मग वरून मेणाची गुटिका फिरवावी. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर जो थर चढवतो त्यातून हा तांबडा रंग निघतो. रंग आधी आणि रक्षक मेण त्यावर, हा विचार किती जाणता आहे! मेणाच्या पडद्याने रंग पुसला जाऊ नये आणि ओठही सुकू नयेत, असे दोन्ही हेतू त्यात साधतात. आणि हा विधी स्त्रियांच्या नव्हे, पुरुषाच्या प्रातःकर्मात सांगितला आहे, हे आजच्या संकोची तरुणांनी अवश्य लक्षात घ्यावे.

कांडीच्या आकाराचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. व्हर्जिनियातील लिंचबर्ग गावच्या चार्ल्स ब्राउन फ्लीट या औषधविक्रेत्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत ओठांसाठी मेणाची एक कांडी केली. ती वातीवाचूनच्या मेणबत्तीसारखी दिसे आणि कथिलाच्या वर्खात गुंडाळलेली असे. ती फारशी खपली नाही, आणि १९१२ साली त्याने तिचे सर्व हक्क जॉन मॉर्टन नावाच्या गावकऱ्याला अवघ्या पाच डॉलरांना विकले. मॉर्टनच्या पत्नीने स्वतःच्या स्वयंपाकघरात ते गुलाबी मिश्रण वितळवून पितळेच्या नळ्यांत ओतले, ओसरीवर गार होऊ दिले, कापून कांड्या केल्या, आणि त्यातून 'चॅपस्टिक' हा उद्योग उभा राहिला.

कांडी उभी राहावी, परंतु ओठांवर टेकताच किंचित मऊ व्हावी, हे साधणे वाटते तितके सोपे नाही. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण ८० अंशांच्याही पुढे जाते. उलट कोको बटर ३४ ते ३६ अंशांच्या सुमारास, म्हणजे शरीराच्या उष्णतेनेच पाघळते. या सर्वांचे प्रमाण जुळवताना युरोपातील हवेचा हिशेब धरला तर ती कांडी नागपूर-चंद्रपूरच्या वैशाखात, जेथे पारा ४५ अंशांवर जातो, टोपण उघडताच आडवी पडते. उष्णतेत कांडीवर तेलाचे बारीक थेंब उभे राहतात, तेव्हा ती नासली असे समजू नये. मेणाच्या जाळीतून तेल तात्पुरते सुटलेले असते आणि गारव्यात ते पुन्हा मुरते. परंतु वितळलेली कांडी हळूहळू गोठली तर शिया बटरसारख्या चरबीचे स्फटिक मोठे होतात आणि ओठांवर रवाळ लागतात. अशा वेळी ती पुरती मऊ करून फ्रिजमध्ये झटकन गार केली, तर बहुधा पहिल्यासारखी होते.

याच ठिकाणी कोकणाचा अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोकमाच्या, म्हणजे आपल्या भिरंडाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर जो स्निग्ध थर येतो, तो गार झाल्यावर घट्ट होतो. त्याचे गोळे करून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या आणि गोव्यातील घरांत ठेवलेले असतात आणि उललेल्या टाचांना व ओठांना लावले जातात. स्टिअरिक आणि ओलेइक ही दोन मेदाम्ले त्यात विपुल असतात, आणि त्याचा वितळणबिंदू कोको बटरपेक्षा काही अंशांनी वर, चाळिसाच्या आसपास असल्यामुळे ते आपल्या हवेत घट्ट राहते आणि तरीही ओठांच्या उबेवर घासले असता मऊ होते. आज जगातील कित्येक प्रसाधन-उत्पादक हे 'कोकम बटर' म्हणून मागवतात. मी वापरलेल्या कांडीच्या घटकांत त्याचे नाव वाचून मला जो आनंद झाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही; आजीच्या फडताळातील पिवळट गोळ्याला एवढी दूरची मागणी यावी, हे त्या गुणी फळाचे उचित चीज आहे.

रंगाचा भाग सर्वांत मनोरंजक, आणि बहुतेकांची निराशा होते तीही येथेच. दुकानात नळीतील कांडी गडद डाळिंबी दिसते, घरी येऊन लावावी तर ओठांवर जेमतेम लाली चढते, किंवा कोणाच्या ओठांवर ती तपकिरी दिसते. आणि माल खोटा निघाला अशी फिर्याद होते. लिपस्टिकमध्ये रंगकणांचे प्रमाण मोठे असते, आणि पुष्कळदा टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे, अपारदर्शक द्रव्य घालून खालचा ओठ पुरता झाकला जातो. लिप बाममध्ये रंगकण थोडे आणि पडदा पारदर्शक असतो. प्रकाश त्या पडद्यातून आत जातो, ओठांवर आपटतो, आणि पुन्हा त्याच पडद्यातून गाळून बाहेर येतो. कंदिलाला रंगीत काच बसवली असता दिसणारा रंग जसा काच आणि ज्योत या दोघींचा मिळून असतो, तसाच येथे दिसणारा रंग कांडी आणि ओठ या दोहोंचा मिळून होतो. म्हणून ज्यांच्या ओठांत रंजकद्रव्य अधिक आहे, आणि आपल्याकडे तसे ओठ बहुसंख्य आहेत, त्यांच्यावर फिकट गुलाबी किंवा पीचची छटा उमटतच नाही, आणि तीत पांढरे द्रव्य असेल तर ओठ राखट, आजारी दिसतात. अशा ओठांवर विटकरी, जांभळट, करवंदी, गडद गुलाबी या छटा खुलतात; कारण त्या खालच्या सावळेपणाशी झगडत नाहीत, त्यालाच आधार करून उजळतात. परदेशी चेहऱ्यावरची जाहिरात पाहून आपली छटा निवडणे यास्तव निरर्थक आहे. तो रंग त्या ओठांचाही होता.

हे रंग येतात कोठून? विटकरी आणि तपकिरी छटांचे मूळ बहुधा लोहाच्या ऑक्साइडात असते. आपला गेरू म्हणजे निसर्गातले हेच द्रव्य, मात्र प्रसाधनासाठी ते कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार करतात. झगझगीत लालसाठी कोळशाच्या डांबरापासून किंवा खनिज तेलापासून निघालेल्या द्रव्यांवर बेतलेले सेंद्रिय रंग धातूच्या क्षाराशी जखडून अविद्राव्य करतात, म्हणजे ते तेलात विरघळून ओठांच्या कडेने पसरत नाहीत. किरमिजी रंगासाठी मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतील निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनील किड्यापासून काढलेले कारमाइन वापरतात. शाकाहाराचा कटाक्ष पाळणाऱ्यांनी घटकांच्या यादीत 'सी. आय. ७५४७०' हा क्रमांक पाहावा, तो याचाच होय. लोह-ऑक्साइडांचे क्रमांक ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ असे आहेत. हे सर्व कण प्रथम एरंडेलात घोटून अगदी एकजीव करतात, कारण एरंडेल घट्ट, चमकदार आणि रंगकणांना सुटे सुटे धरून ठेवणारे आहे. आणि जगातील बहुतांश एरंडेल भारतातून, विशेषतः गुजरातेतून जाते.

रंग बदलणाऱ्या कांडीविषयी मात्र स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण तिच्याविषयीचा गैरसमज फार पसरला आहे. नळीत ती पांढरी, नारिंगी किंवा हिरवटही असते आणि ओठांवर लावताच गुलाबी होते. हा रंग प्रत्येकीच्या प्रकृतीनुसार वेगळा उमटतो, असे विक्रेते सांगतात. अमेरिकेत 'टँजी' नावाची नारिंगी लिपस्टिक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच गुणावर गाजली होती. त्यामागे इओसिन जातीची रंगद्रव्ये असतात. तेला-मेणात, आम्लस्वरूपात ती जवळजवळ रंगहीन किंवा फिकट असतात, आणि ओठांवरील ओलाव्याशी व तेथील कमी आम्लतेशी गाठ पडताच त्यांच्या रेणूची रचना उघडून गुलाबी रंग प्रकट होतो. ही क्रिया सर्वांच्या ओठांवर सारखीच घडते. फरक पडतो तो पुन्हा खालच्या ओठाच्या मूळ रंगाचा आणि लेपाच्या जाडीचा. हा रंग त्वचेतील प्रथिनांना चिकटतो, म्हणून चहा-जेवणानंतरही टिकतो. परंतु याच वर्गातील रंगांमुळे, विशेषतः त्यांतील अशुद्धींमुळे, ओठांचा दाह होण्याची उदाहरणे वैद्यकात पूर्वीपासून नोंदलेली आहेत. ज्यांचे ओठ आधीच उललेले आहेत त्यांनी या चमत्काराचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओठांवरचे जे काही असते त्यातले थोडेबहुत पोटात जातेच, म्हणून शिशासारख्या जड धातूंची भीती वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ४०० लिपस्टिकांची तपासणी केली तेव्हा त्यांत शिसे सरासरीने दहा लाख भागांत १.११ भाग आणि जास्तीत जास्त ७.१९ भाग आढळले. पुढे त्याच प्रशासनाने दहा भाग ही मर्यादा सुचवली. आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने यांचा कायदा १९४० चा. त्याखालील नियमांनी शिसे आणि आर्सेनिक यांची संयुगे प्रसाधनांना रंग देण्यासाठी वापरण्यास मनाई केली आहे, आणि रंगांत मिसळून येणाऱ्या शिशाला दहा लाखांत वीस भागांची, आर्सेनिकला दोन भागांची मर्यादा घातली आहे. छटेच्या बाममध्ये रंगकणच कमी, तेव्हा नामांकित मालात चिंता करण्यासारखे फारसे उरत नाही. चिंता आहे ती जत्रेत, रस्त्यावर, नाव-पत्ता-परवाना क्रमांक काहीच नसलेल्या नळ्यांत मिळणाऱ्या स्वस्त मालाची, आणि तो घेतात त्या बहुतांशी कोवळ्या वयाच्या मुली असतात.

धातूंपेक्षा अधिक नित्याचा उपद्रव सुगंधाचा आहे. पेपरमिंट, मेंथॉल, कापूर, निलगिरी, दालचिनी यांनी ओठ थंड किंवा झिणझिण्या आल्यासारखे वाटतात, आणि ही झिणझिण म्हणजे औषध लागू पडल्याची खूण असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ती नाजूक आवरणाच्या त्रासाची खूण असते. मग ओठ अधिक सोलवटतात, अधिक बाम लावला जातो, आणि 'बामची सवय लागली' असे म्हणतात. ओठांना मेणाची वा तेलाची सवय लागत नाही. त्यांना चुरचुरवणारे द्रव्य थांबले की हे चक्रही थांबते. क्वचित लॅनोलिन, मेणातील प्रोपोलिस किंवा एरंडेल यांचेही कोणाला वावडे असते, आणि पुष्कळदा दोष बामचा नसून दालचिनीचा स्वाद असलेल्या टूथपेस्टचा निघतो.

कांडी वापरून पाहण्याची रीत यावरून ठरते. दुकानातील नमुन्याची कांडी थेट ओठांना लावू नये. ओठांवरच्या फोडांचा विषाणू अशा मार्गाने पसरू शकतो. बोटाच्या टोकाचा आतला भाग रंगाने ओठांना त्यातल्या त्यात जवळचा असतो, तेव्हा तेथे, स्वच्छ केलेल्या कांडीचा एक फेरा देऊन, दुकानाच्या दिव्याखाली नव्हे तर दाराशी दिवसाच्या उजेडात पाहावे. घटकांची यादी वाचावी: एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणाने लिहिण्याचा आपल्याकडे नियम आहे, तेव्हा मेण, एरंडेल, बटर, व्हॅसलीन ही नावे अग्रभागी असावीत, आणि नळीच्या पुढील बाजूस मोठ्या अक्षरांत मिरवणारे मध किंवा बदाम यादीच्या तळाशी सापडले तर त्यांचा अंमल किती, याचा अंदाज येतो. घरी आल्यावर प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस एक-दोन दिवस लावून पाहावे, आणि मग ओठांवर. सोललेल्या ओठांवर रंगकण सालींच्या कडांना चिकटून रेघा उमटतात. तेव्हा आधी काही रात्री साधे व्हॅसलीन लावून ओठ बरे होऊ द्यावेत आणि छटेचा विचार नंतर करावा. साली दातांनी किंवा नखांनी ओढू नयेत. साखरेने घासण्याची जी प्रथा आता निघाली आहे तीही इतक्या पातळ आवरणाला मानवणारी नाही.

मी वापरलेली कांडी विटकरी छटेची होती. पहिल्या फेऱ्यात रंग जाणवला नाही, दुसऱ्यात ओठ नुकतेच विडा खाऊन पुसल्यासारखे दिसले, तिसऱ्या फेऱ्याने चकाकी वाढली, रंग नव्हे. चहाच्या कपाच्या काठावर तिने अर्धी साथ सोडली, जेवणानंतर काहीच उरले नाही. टिकाऊ रंग हवा असणाऱ्यांना हा उणेपणा वाटेल. मला तो गुण वाटला, कारण रंग गेलेला दिसला म्हणजे पडदाही गेला हे कळते, आणि पुन्हा लावण्याची आठवण होते. बिनरंगी बाम केव्हा संपला हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. छटेचे खरे प्रयोजन मला येथे सापडले.

एक उणीव मात्र त्या कांडीत होती: उन्हापासून रक्षण करणारे द्रव्य तीत नव्हते. खालचा ओठ पुढे आलेला, वरच्या दिशेला उघडा, आणि रंजकद्रव्याने त्वचेइतका सुरक्षित नसलेला, म्हणून सूर्याच्या अतिनील किरणांचा मारा त्याच्यावर अधिक होतो. त्वचारोगतज्ज्ञ एस.पी.एफ. ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचा लिप बाम सुचवतात, आणि तो दर दोन तासांनी पुन्हा लावावा असे सांगतात. प्रयोगशाळेत ही क्षमता एका चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम लेप ठेवून मोजतात आणि आपण सहसा त्याहून कमी लावतो, तेव्हा हात आखडता घेऊ नये. ही शिफारस ज्यांच्यासाठी सर्वांत निकडीची, ते शेतात, बांधकामावर, समुद्रावर दिवसभर उन्हात राबणारे स्त्री-पुरुष. आणि त्यांच्यापर्यंत ती पोहोचलेलीच नाही, कारण ओठांना काही लावणे म्हणजे नटणे, ही समजूत मध्ये उभी आहे. त्यांच्या हाती रंगाची नको, साधी, उन्हापासून राखणारी कांडी पडली पाहिजे. आणि अशा कोणाच्या खालच्या ओठावर पांढुरका, खवल्यांचा चट्टा दिसत असेल, ओठाची कड पुसट झाली असेल, किंवा एखादा व्रण दोन-तीन आठवडे लोटूनही भरत नसेल, विशेषतः तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर कोणताही बाम चोळत न बसता त्याने तडक सरकारी इस्पितळातील दंत किंवा त्वचा विभाग गाठावा. आरंभीच दाखवलेला चट्टा पुष्कळदा किरकोळ उपचाराने जातो.